बांधावरचे कृमी

“पिशवी खाली ठेव.”

देवयानीने वळून पाहिलं. अगदी मागे एक धिप्पाड माणूस उभा होता. हातात पहार. तिने पिशवी हळूच बांधावर ठेवली. माती काढायचा चमचा तेवढा मुठीत राहिला.

“कोनी पाठवलं तुला?”

“कुणी नाही, काका. मी... थोडी माती घ्यायला आलेय.”

“ते दिसतंय मना. कोनाची मानसं तुम्ही?”

आंबिवलीच्या या भागात आधी माती तपासणारे येतात आणि मागोमाग बिल्डर, हे रिक्षावाल्याने तिला सांगितलं होतं. मागच्या खेपेला माती तपासायला आलेल्या पोरांच्या गाडीची गावकऱ्यांनी एकही काच शिल्लक ठेवली नव्हती, हेही सांगितलं होतं. तरी ती उतरली होती. वागळे इस्टेटमधल्या तिच्या प्रयोगशाळेतला फ्रीझर बंद पडला आणि या बांधावरून नेऊन वाढवलेले, गोठवून जपलेले कृमी सगळेच्या सगळे मेले. ते दुसरीकडे कुठेच सापडत नव्हते.

झाडांआडून एका म्हातारीने हाक मारली, “कोन हाय रं तिकडं? घराकडं आन!” “चल,” तो नाइलाजाने म्हणाला. पळावं, तर रस्ता लांब होता.

ओट्यावर त्याची म्हातारी आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. “कोन रं ही, गोपीनाथ?”

तो काही बोलायच्या आत देवयानीच बोलू लागली. “आजी, तुमच्या मातीत एक कृमी आहे. दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखा. त्याचा एक भाऊबंद जगभर सापडतो, दिसतोही हुबेहूब तसाच. त्या भाऊबंदाचं एक जनुक बंद केलं, की पिल्लू अंड्यातच मरतं. त्याचं शरीर घडतच नाही. तुमच्या कृमीत तेच जनुक बंद केलं, तर पिल्लू धडधाकट बाहेर येतं. नुसती शेपटी वाकडी. म्हणजे तेच जनुक इथे दुसरंच काम करायला लागलंय.”

“मंग पयलं काम कोन करतं?”

“तेच शोधतेय, आजी. त्यासाठी ते जिवंत हवेत.”

म्हातारी हसली. “मंग घे ना गो बाय, लागंल तेवरी घे. आमची जमीन कुठं पलून चाललीय?”

गोपीनाथ हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. त्याने पहार पुन्हा उचलली. “चल.”

बांधापर्यंत तो तिच्या मागून चालत आला. आता घर झाडांआड गेलं होतं. देवयानी थांबली. “काका, मला माती नको. मी जाते.”

त्याने पहार वर उचलली. तिने डोळे गच्च मिटले.

धप्पकन आवाज झाला. तिने डोळे उघडले, तर बांधाचं मोठं ढेकूळ सुटून तिच्या पायाशी पडलं होतं. त्याने दुसरं काढलं. तिसरं काढलं. मग खाली बसून स्वतःच्या हातांनी तिची पिशवी भरू लागला.

“चमच्यानं काय होनार? भरपूर ने,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मना वाटलं, तू बिल्डरचीच. आईपुढं बोलून जाशील.”

“काय बोलून जाईन?”

त्याने एकदा घराच्या दिशेने पाहिलं.

“जमीन इकली मी. बुधवारी भरावाचे डंपर येनार, हा बांध बुजवनार. तिला अजून सांगितलं नाय.”