शेजारणीची कणीक

बेल वाजली तेव्हा पूर्णिमा कणकेचा गोळा हुंगत होती. दही घालून पाहिलं, यीस्ट घालून पाहिलं. गोळा फुगला छान, पण वास काही केल्या तो येईना. दार उघडलं तर मिहाएला, काळ्या कपड्यांत, दोह्याच्या विमानतळावरून थेट.

मिहाएला रोमानियाची. दोह्याच्या अल अझीझिया भागात पूर्णिमाच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहणारी. तिच्या खेड्यात बायका अंगणातल्या मातीच्या भट्टीत पाव भाजतात आणि भाजण्याआधी मूठभर आंबवलेली कणीक पुढच्या खेपेसाठी काढून ठेवतात. तो गोळा आईकडून लेकीकडे जातो. आजारी आईला भेटायला जाताना मिहाएलानं तो पूर्णिमाच्या हवाली केला होता. "रोज मूठभर पीठ घाल. बाकी काही मागत नाही बिचारा."

आई गेली. गावातली भट्टी केव्हाच थंड पडली होती, तिथला गोळा वाळून गेला होता. आईच्या हातचं आता इथलंच तेवढं उरलं होतं. त्याचा पाव भाजून आईच्या नावानं वाटायचा, असं मिहाएलानं फोनवर रडत रडत सांगितलं होतं.

आणि तो गोळा पूर्णिमाच्या सासूबाईंनी टाकून दिला होता. पुष्पावतीबाई साताऱ्याहून आल्या आणि आल्या आल्या फ्रिज आवरायला घेतला. "आंबला होता," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या स्वच्छतेपुढे कुणाचं काय चालणार! पूर्णिमाला मात्र तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं.

तिनं नव्या गोळ्याचा डबा पुढे केला. मिहाएलानं चिमूटभर कणीक बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"हा तो नाही."

पूर्णिमाला रडूच फुटलं. तेवढ्यात सोफ्यावरून पुष्पावतीबाई बोलल्या.

"मी टाकला, सांग तिला. आंबला म्हणून नव्हे. मळलेला गोळा रात्रभर घरात राहिला की त्याचा पिंड होतो गं. मेलेलं माणूस जेवायला येतं. मला भीती वाटली. शनिवारी आले, त्याच संध्याकाळी टाकला."

पूर्णिमानं अडखळत सगळं इंग्रजीत सांगितलं.

"शनिवारीच रात्री आई गेली," मिहाएला म्हणाली. "म्हणजे ती इथं आली आणि उपाशी परत गेली?"

हे मराठीत सांगायला पूर्णिमाची जीभ रेटेना. तरी तिनं सांगितलं.

पुष्पावतीबाई उठल्या. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, खाली मान घालून मळत राहिल्या. पूर्णिमानं झाकायला फडकं दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं. गोळा रात्रभरासाठी उघडाच ओट्यावर ठेवला.

"तिच्या आईचं नाव विचार," त्या म्हणाल्या. "जेवायला हाक मारायची तर नाव नको का?"