माशाच्या पोटातला नोहा

"एकपण चूक नाय गावली, सर," कुणाली म्हणाली आणि तिने प्रुफाची पानं टेबलावर ठेवली.

भगीरथ सरांनी ती चाळली. लाल रेघ नाही की साधी टिंबाएवढी खूण नाही. हर्षितची पानं अशीच कोरी परत आली होती, प्रणितचीही. सरांना शिसारी आली.

‘मोहरी’ हे ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं त्रैमासिक. शहापूर-मुरबाडकडची कॉलेजातली पोरं त्यात लिहायची आणि निवृत्त मास्तर भगीरथ सर ते चौदा वर्षं एकहाती काढत होते. आता सत्तरी उलटली होती. अंक चांगल्या हातात पडला नाही तर तो आपल्याबरोबरच संपणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी प्रार्थनागृहातल्या फळ्यावर लिहिलं, ‘संपादनासाठी स्वयंसेवक हवेत. मानधन मिळणार नाही.’ महिनाभर फळ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग हे तिघे आले.

सरांनी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ‘योना तीन दिवस माशाच्या पोटात होता’ हे सातव्या पानावरचं वाक्य. त्यात त्यांनी मुद्दाम योनाच्या जागी नोहा घातला. तारू बांधणारा नोहा माशाच्या पोटात! रविवारच्या शाळेतलं शेंबडं पोरही हसलं असतं.

"नीट वाचलंस का गं?"

"वाचलं ना, सर."

"सातवं पान?"

कुणालीने टेबलावरची पानं सारखी केली. "तेपण वाचलं. छान लिवलंय तुमी." मग तिने विचारलं, "प्रेसला कधी देताय?"

तिघांचाही हा ठरलेला प्रश्न. अंक कधी छापून येतो आणि त्यात आपलं नाव कधी दिसतं, एवढ्यावरच डोळा. कामाच्या नावाने शंख आणि तोंडावर ‘छान सर, छान सर’. असल्या होयबांच्या हाती ‘मोहरी’ द्यायची म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. सरांना नुसता राग आला असता तर बरं होतं. त्यांना किळस आली होती, खरकट्या ताटात हात पडल्यासारखी.

त्यापेक्षा तो किन्हवलीचा रितेश बरा म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने भर सभेत सरांच्या प्रुफात चूक दाखवली होती. अर्थात ती चूक नव्हतीच. चौदा वर्षांत छापील अंकात एक चूक दाखवा, अशी सरांची पैज होती आणि ती कुणी जिंकली नव्हती. सरांनी रितेशला सगळ्यांसमोर असा सोलून काढला, की तो पुन्हा शहापूरला फिरकला नाही. पण निदान तो वाचत तरी होता.

सरांनी त्याच संध्याकाळी अग्रलेख लिहायला घेतला. परीक्षा घेतली, तिघेही नापास झाले, तेव्हा हा ‘मोहरी’चा शेवटचा अंक. कुणाचीही भीडभाड न ठेवता त्यांनी तिघांची नावं घालून लिहिलं. माशाच्या पोटातला नोहाही तसाच राहू दिला. रविवारी सगळ्यांपुढे सातवं पान उघडायचं आणि तिघांना उभं करायचं.

सोमवारी ते मुरबाडला निघाले. स्टँडवर त्यांनी कंडक्टरला दोनदा विचारून खात्री केली, कारण एसटीच्या पाट्याही हल्ली पुसट रंगवतात. पंढरीच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. पंढरीने अग्रलेख टाइप करून प्रूफ काढलं. सरांनी ते दारातल्या उजेडात धरलं.

"शाई वाचवतोस रे फार."

"हो सर," पंढरी नेहमीसारखा म्हणाला.

"छाप आता."

"मंगळवार जाऊ दे, मग छापतो."

गेली दोनेक वर्षं ‘मोहरी’ तो मंगळवार गेल्याशिवाय छापत नव्हता. असेल काही त्याच्या देवाचं, म्हणून सर कधी खोलात गेले नाहीत.

शनिवारी ते अंक न्यायला आले. गठ्ठा सोडून त्यांनी पहिल्यांदा सातवं पान काढलं. आपला नोहा बघायचा होता.

पान त्यांनी नाकाशी नेलं. माशाच्या पोटात योना होता.

"याला हात कुणी लावला?"

"पोरांनी," पंढरी म्हणाला. "दर खेपेला मंगळवारी येतात ना. तुमीच तर पाठवता."

"कोण पोरं?"

"ती टोकावड्याची कुणाली आन ते दोघं. पयल्यांदा त्यांना रितेश घेऊन आलेला. मागल्या दोन वर्षांत एकपण अंक सोडला नाय त्यांनी." त्याने खिळ्याला टोचलेलं अख्ख्या अंकाचं प्रूफ काढून दिलं. "ह्ये बघा की."

सर ते घेऊन दारात गेले. चूक त्यांनी एकच पेरली होती. पहिल्या पानापासून लाल, निळ्या आणि हिरव्या खुणा सुरू होत्या. ओळी दोनदा आल्या होत्या त्या खोडल्या होत्या, बायबलमधल्या वचनांचे आकडे बदलले होते, गळलेले शब्द भरले होते. सदतिसापर्यंत मोजून सरांनी मोजणं सोडलं आणि शेवटी जोडलेलं अग्रलेखाचं पान काढलं.

अग्रलेखातला एकही शब्द कुणी काढला नव्हता. ‘हर्षित, प्रणित हे तिघेही या सेवेला नालायक आहेत,’ असं सरांनी लिहिलं होतं. एक नाव गळलं होतं. ते प्रणितच्या पुढे, हिरव्या शाईत, कुणालीने स्वतःच्या हाताने नीट भरलं होतं.