पहिल्या दाबाला

साहेब वाकलेच नाहीत. गाड्या तपासायचा पगार घेणारा माणूस, आणि गाडीखाली एकदाही डोकावला नाही. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताचं बोट हवेत. बोट डावीकडे गेलं की डावा दिवा, उजवीकडे गेलं की उजवा. मग हॉर्न. मग वायपर. काच कोरडी होती, वायपर करकरला. साहेबांना तेवढं पुरलं.

स्टिअरिंगवर बसलेली बाई शाळेच्या मुलांची ने-आण करायची. गाडी मालकाची, आणि वयाने त्या मुलांच्या आईबापांएवढी. पालकांनी ओरड केली तेव्हा मालकाने पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायला सांगितले. काम बाईच्या थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये झालं. त्याचा हात चांगला. तरी पेडल मऊच राहिलं. चिखलात पाय जावा तसं खाली जायचं. ब्रेक ऑइलमध्ये हवा राहिली की असं होतं. त्याने ऑइल बदललं, पेडलमागचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर नवा घातला, हवा काढून काढून कंबर मोडून घेतली. हवा काही जाईना.

"अजून हवा आहे," त्याने मालकाला कळवलं.

"हवा सगळीकडेच असते," मालक म्हणाला. "तपासणीला लाव. नापास झाली तर तुझं खरं. पास झाली तर गाडी सरळ शाळेवर."

मालकाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आधीच्या ड्रायव्हरने, असल्या ब्रेकवर मुलं नेणार नाही, असं तोंडावर सांगितलं होतं. तो आता घरी माश्या मारत बसलाय. बाईच्या घरात कमावणारी ती एकटी.

मघाशी ती तपासणीच्या रांगेत असतानाच भावाचा फोन आला होता.

"सापडलं गं. घोडचूक माझीच. आत्ता दुसऱ्या गाडीचं चाक काढलं आणि डोक्यात प्रकाश पडला. मी गाडीकडे तोंड करून बसलो होतो, माझ्या डाव्या हाताला डावा कॅलिपर चढवला, डिस्कला आवळणारा. गाडीचं डावं म्हणजे आत बसलेल्याचं डावं! दोन्हींची अदलाबदल झालीय. हवा काढायचा स्क्रू वर पाहिजे, तो गेलाय खाली. हवा वर ठाण मांडून बसलीय, निघणार कुठून? गाडी इकडे आण, संध्याकाळपर्यंत करून देतो."

"शाळा दुपारी सुटते, दादा. पास झाली तर मालक गाडी तिकडेच पाठवणार."

"मग?"

"मग नापास करून आणते. त्यात काय अवघड आहे?"

वायपर थांबला. साहेबांनी विचारलं, "ब्रेक?"

"लागत नाही, साहेब."

कप ओठांपाशी थांबला. या जागेवर असं उत्तर कुणी देत नसतं.

"मग गाडी काय ढकलत आणलीत, बाई?"

रांगेत मागे कुणीतरी हसलं.

"दुसऱ्या दाबाला लागतो. पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं."

"म्हणजे लागतो. उगाच कशाला नाट लावता चांगल्या गाडीला?"

"तुम्ही बसून बघा. एकदाच पाय ठेवा."

"मागची रांग बघा आधी." साहेबांनी कप बॉनेटवर टेकवला आणि कागदावर शिक्का मारला. शिक्का पहिल्या दाबाला उमटला. "पास. घ्या पुढे."

बाईने कागद घेतला नाही. मागचे हॉर्न वाजायला लागले. तिने समोर पाहिलं. आवाराच्या टोकाला गाड्या थांबवायचा पांढरा पट्टा मारलेला होता.

"साहेब, मूल आडवं येतं ते पहिल्या दाबालाच येतं. दुसऱ्या दाबाची वाट बघत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही ब्रेक पास केलेत ना? मग त्या पट्ट्यावर उभे राहा. मी येते आणि एकदाच पाय ठेवते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"माझं आहे. तुम्ही फक्त उभे राहा."

तिने इंजिन सुरू केलं. गिअर टाकला नाही, हँडब्रेक ओढलेलाच होता. गाडी तसूभरही हलली नाही. बॉनेटवरचा कप तेवढा थरथरला. पण गाडीपुढे उभ्या साहेबांनी टुणकन उडी मारली ती थेट बाजूच्या कट्ट्यावर.

बाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुम्ही सरकलात. आत बसलेल्या मुलांनी कुठे सरकायचं, साहेब?"