पॅसेजमधला दिवा

“ताई, लाल दिवाच घ्या, लाल उजेडात झोप मोडत नाही,” दुकानदार म्हणाला. तिने बाबांच्या खोलीबाहेर, बाथरूमच्या वाटेवर लाल नाईटलॅम्प लावला. सकाळी बाबा त्याच्यासमोरच भिंत धरून उभे. पाय सुजलेले, पायजमा ओला. “बाबा, बाथरूम दोन पावलांवर होतं ना!” ती रडकुंडीला आली. वेड्याकडे बघावं तसं बघत बाबा म्हणाले, “सिग्नल लाल असताना गाडी पुढे घालू होय?” जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस, लेकीचं नाव विसरला, सिग्नल नाही. तिला हसू फुटलं, मग हुंदका आवरेना. दुपारीच तिने दिवा बदलून हिरवा आणला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली. पहाटे जाग आली ती गार वाऱ्याने. बाबांच्या चपला जागेवरच होत्या. हिरवा दिवा जळत होता आणि त्याच्यापलीकडे बाहेरचं दार सताड उघडं.