बिननावी कार्ड

सुहासिनीबाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं.

"ही तुम्हा सगळ्यांची पत्रं," त्या म्हणाल्या. "यांनी एकही टाकू दिलं नाही. एकेक उचला आणि मोठ्यानं वाचा."

रोह्यातल्या त्या पडवीत वीस-पंचवीस माणसं बसली होती. नीलकंठ मास्तरांना जाऊन वर्ष झालं होतं. शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर पूर्वी अकरा वर्षं रेडिओवर कबड्डीच्या सामन्यांची कॉमेंट्री करत होते. ज्यांनी ती ऐकली होती ती माणसं सकाळच्या एसटीनं पेणहून, वडखळहून आली होती.

जोहे गावचा विठू दाराशी बसला होता. गणपती रंगवून त्याच्या नखांच्या कडा कायमच्या गुलाबी झाल्या होत्या. शेजारची मालू त्याला ओढून घेऊन आली होती.

"मास्तर बनियनवरचा नंबर बघतच नव्हते," हैबतराव सांगत होते. त्यांनी स्वतः पंधरा वर्षं चढाया केल्या होत्या. "मी एकदा विचारलं, मास्तर, पाठ मैदानाकडे आणि नाव बरोबर, हे कसं? म्हणाले, हैबत, तुझा दम नाकातून येतो. कबड्डी कबड्डी सुरू झालं की कळतं तू निघालास. डोळे कशाला पाहिजेत?"

सगळे हसले. हैबतराव मात्र हसले नाहीत.

"शेवटची तीन वर्षं त्यांना दिसतच नव्हतं. आपल्याला पत्ता लागू दिला नाय. नुसत्या कानांवर मॅच सांगितली. आणि एकदाबी नाव चुकलं नाय."

"एकदा चुकलं व्हतं," मालू म्हणाली. "आमच्या रघूचं, ह्या विठूदादाच्या पोराचं. तीन गडी मारले पोरानं आणि रेडिओवर नाव आलं त्याच्याच संघातल्या दुसऱ्याचं. आख्खं जोहे कारखान्यात रेडिओला कान लावून बसलेलं. दादानं तर पेढे आणून ठेवलेले."

"मग?"

"मग काय, पेढे तसेच." मालू विठूकडे वळली. "पण खरं सांगू का रं दादा, चूक तुझीच. मॅचच्या दिवशी पोराला पहाटपासून मूर्ती घासायला बसवलंस. प्लास्टरची धूळ खाऊन त्याचा आवाज बेडकासारखा झालेला. दारातून हाक मारली तर हौसावैनीनं विचारलं, कोण हाय? जन्म दिलेल्या आयशीनं वळखला नाय, मास्तर काय वळखणार?"

पडवी पुन्हा हसली. विठू मालूकडे बघत राहिला. एकोणीस वर्षांत ही गोष्ट त्याच्या मनात आली नव्हती.

मालूनं डब्यात हात घातला, दोन-चार पाकिटं बाजूला सारली आणि एक पोस्टकार्ड काढून त्याच्या हातात दिलं. "हे घे. मोठ्या अक्षरातलं हाय, तुला जमंल. चाळिशीत प्रौढ वर्गाला गेलेलास ना? दाखव जरा काय शिकलास ते."

ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या. कोपऱ्यात गुलाबी रंगाचा अर्धा अंगठा उमटला होता.

विठूनं आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं पत्र होतं.

'साहेब, तुमचा कॉमेंट्रीवाला आंधळा आहे. माझ्या पोराची चढाई दुसऱ्याला दिली. डोळे असलेला माणूस बसवा.'

"वाचा की," कुणीतरी म्हणालं.

"साहेब," विठूनं सुरुवात केली. "तुमचा कॉमेंट्रीवाला..."

तो थांबला. मालूला वाटलं, जोडाक्षर अडलं.

"...फार चांगला आहे. माझा पोर लांब खेळतो. मला इथं बसून तो दिसतो. हाच माणूस ठेवा."

टाळ्या पडल्या. हैबतरावांनी डोळे पुसले. "वा! काय लिहिलंय. कोणाचं हाय?"

"नाव नाय," विठू म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले. कार्ड सतरंजीवर पडलं.

सुहासिनीबाई उठल्या. त्यांनी कार्ड उचललं, चष्मा लावून पाहिलं आणि त्या विठूच्या शेजारी येऊन बसल्या. तोवर हैबतरावांनी पुढचं पत्र वाचायला घेतलं होतं.

"डोळे तपासून दाखला आणा, असा रेडिओवाल्यांचा कागद आला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याच पाकिटात हे होतं. कागद मी यांना वाचून दाखवला. यांनी विचारलं, आणि कार्डावर काय आहे?"

विठूनं मान वर केली नाही.

"मीसुद्धा असंच काहीतरी वाचलं."

पडवीत पुन्हा हशा झाला. हैबतराव कुणाची तरी नक्कल करत होते.

"माईकसमोर परत बसायला मिळालं नाही त्यांना. पण हे कार्ड अधूनमधून काढायला लावायचे. वाच म्हणायचे. आणि दर वेळी एकच, याला उत्तर गेलं पाहिजे." त्यांनी कार्ड उलटं करून पाहिलं. "पण खाली नाव नाही, गाव नाही. शिक्कासुद्धा पुसलेला. कुठं पाठवणार?"

विठूनं मांडीखालून हात काढले.

"जोहे," तो म्हणाला.

ते फक्त सुहासिनीबाईंना ऐकू गेलं. तो भिंतीला धरून उभा राहिला. हैबतरावांची नक्कल अर्ध्यावर थांबली. मालूनं वर पाहिलं. प्रौढ वर्गात बाईंनी उभं करून म्हणायला लावलं होतं, तसं तो एकेक शब्द सुटा करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"मुक्काम पोस्ट जोहे. तालुका पेण."