बाजूचं बटण

"ठेवून जा. उद्या संध्याकाळी न्या," मोबाइल दुरुस्त करणारी बाई म्हणाली.

लिफ्टमनने फोन काउंटरवर ठेवला होता, पण त्यावरचा हात काढला नव्हता. "उद्या नाही जमणार. आत्ताच करून द्या. जेवणाची सुट्टी आहे, अर्धा तास."

"काका, तुमच्या आधीचे चार फोन पडलेत."

"माझी बायको परदेशात असते," तो म्हणाला. "एका आजारी म्हातारीला सांभाळते. म्हातारीचा डोळा लागला की फोन करते. कधी येईल त्याचा नेम नसतो."

बाईने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फोनच्या बाजूचं बटण दाबून पाहिलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं.

"पडला होता?"

"नाही. दाबून दाबून झालंय," तो ओशाळून म्हणाला.

समोरच्या नऊमजली इमारतीत तो लिफ्ट चालवायचा. लिफ्टमध्ये रेंज नसायची. म्हणून ज्या मजल्यावर दार उघडेल तिथे, माणसं चढेपर्यंत, तो बटण दाबून पडद्यावर नजर टाकायचा. फोन येऊन गेला का? निरोप आलाय का? सव्वीस वर्षं लिफ्टमध्ये काढल्यामुळे बटणांची जात त्याला ठाऊक होती. तळमजल्याचं बटण नेहमी आधी जातं. पहिल्यांदा आकडा पुसट होतो, मग ते अडकायला लागतं, आणि एक दिवस ऐकतच नाही. दोन महिन्यांपूर्वी फोनचं बटण मऊ लागलं तेव्हाच त्याने ते ओळखलं होतं. फक्त तळमजल्यावर आणि नवव्यावरच बघायचं, असं त्याने ठरवलं. तो निश्चय चौथ्या मजल्यापर्यंत टिकला. "काका, अशाने बोटाला घट्टा पडेल तुमच्या," रोज सातव्यावर उतरणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, आणि सगळी लिफ्ट हसली होती. तोही हसला होता.

आज सकाळी फोन बंद पडला, तो बटण दाबून चालूच होईना. मधल्या वेळात काय येऊन गेलं, कळायला मार्ग नव्हता.

बाईने समोरचा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन बाजूला सारला आणि त्याचा उघडला. पडदा झाकणासारखा उचलून एका डबीला टेकवला. बटणाखालची जुनी पट्टी चिमट्याने काढली, नवी बसवली, बॅटरी जोडली. सगळं बंद करण्याआधी चालतंय का बघायला बटण दाबलं. पडदा उजळला. मिनिटभरात फोन वाजू लागला.

लिफ्टमनने झडप घातली.

"हात लावू नका!" बाई ओरडली. "वायर तुटेल. मी स्पीकरवर टाकते. इथूनच बोला."

तो दोन्ही हात पाठीमागे घेऊन काउंटरवर वाकला.

"अहो, सकाळपासून दोनदा केला. लागलाच नाही."

"फोन बंद पडला होता. बोल."

"हळू बोलते हं, आजी आत्ताच झोपल्यात." क्षणभर नुसती खरखर ऐकू आली. "त्यांच्या मुलाने विचारलंय, आणखी सहा महिने राहाल का म्हणून. आजी दुसऱ्या कुणाच्या हातून घासच घेत नाहीत. परवा मला सुट्टी होती, तर दिवसभर उपाशी राहिल्या."

तेवीस दिवसांनी ती यायची होती. तिला विमानतळावरून आणायला जायचं म्हणून त्याने रजा टाकून ठेवली होती. स्वयंपाकघराला रंग दिला होता. पिवळा. तिला सांगितलं नव्हतं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही ये म्हणालात तर येते. मनात ठेवू नका, काय ते सांगा."

बाईने स्टूल फिरवलं आणि भिंतीवर टांगलेले चार्जर उगाच नीट लावायला घेतले.

लिफ्टमन आणखी खाली वाकला. त्याच्या श्वासाने फोनच्या काचेवर वाफ धरली.

"त्या तुला हाक काय मारतात?" त्याने विचारलं.

"हे काय मध्येच?"

"सांग ना."

"आता नावं आठवत नाहीत त्यांना." ती थांबली. "मला आई म्हणतात."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"मग राहा," तो म्हणाला.

"रागावलात?"

"नाही गं."

"खरंच?"

"खरंच. सहा महिने म्हणजे काय, बघता बघता जातील."

"जेवलात का?"

"जेवलो."

डबा त्याच्या कोपराशी होता. अजून उघडलेला नव्हता.

"आजी उठल्या वाटतं. ठेवते हं." आणि फोन बंद झाला.

बाई वळली. तिने पडदा हलक्या हाताने खाली बसवला, कडा अंगठ्याने दाबून घेतल्या, काच पुसली. चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि फोन त्याच्यापुढे सरकवला.

"दाबून बघा."

त्याने दाबलं. टक् असा छोटासा कडक आवाज झाला.

"नवी पट्टी आहे. चार-पाच वर्षं काही बघायला नको."

"एवढं कशाला?" तो म्हणाला. "सहा महिने चालू दे नीट. पुढे फारसं काम नाही त्याला."