चाळिसावा निरोगी

"नळ्यांची अदलाबदल झालीय, ताई," सर म्हणाले. "दुसरं काही असूच शकत नाही."

ताई स्टुलावर बसल्या होत्या. बावीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत रक्त काढत होत्या आणि बावीस वर्षांत त्यांनी एकही नळी इकडची तिकडे केली नव्हती. तिथे न बिघडलेली तेवढी एकच गोष्ट होती. फ्रीज बिघडला होता, पंखा बिघडला होता आणि लिफ्ट बहुधा बिघडलेलीच बसवली होती.

अभ्यासाचं नाव दोन ओळींचं होतं. शिपाईमामा त्याला 'गंजाचं काम' म्हणत, आणि ते काही चूक नव्हतं. लोखंडाला हवेने गंज चढतो, तसा काहीसा माणसाच्या पेशींनाही आतून चढतो. शिकलेले लोक त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. चिंताविकाराच्या रुग्णांत हा गंज जास्त असतो का, ते पाहायचं होतं. त्यासाठी चाळीस रुग्ण हवे होते आणि चाळीस निरोगी. रुग्ण महिनाभरात मिळाले, शेवटचा एक तेवढा राहिला. निरोगी माणूस मात्र औषधालाही मिळेना. शेवटी सगळीकडे करतात तेच केलं, घरचीच माणसं बसवली. निरोगी क्रमांक एक खुद्द सर. मग कारकून, शिपाईमामा, त्यांचा मेहुणा, कँटीनवाले. एकोणचाळीसवर गाडं अडलं, तेव्हा ताईंनी स्वतःचीच बाही वर केली.

रक्ताआधी फॉर्म भरावा लागे. विनाकारण भीती वाटते? नाही. छातीत धडधडतं? नाही. झोप उडते? नाही. अकरा प्रश्नांना अकरा वेळा नाही. दीड मिनिटात ताई निरोगी झाल्या. फॉर्मवर नाव नसे, नुसता क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा, ते ताईंच्या वहीत.

आज आकडे आले होते. चाळिसाव्या निरोग्याचा गंज ऐंशी माणसांत सगळ्यांत जास्त होता. आणि चाळिसाव्या रुग्णाचा आकडा दृष्ट लागावी असा.

"दोघांचं रक्त एकाच सकाळी काढलंय," सर चष्मा पुसत म्हणाले. "याची नळी त्याच्या खोक्यात गेली. आपण फक्त परत फिरवायच्या, की सगळं कसं सरळ! चूक कुणाकडूनही होते हो. 'माझ्याकडून झाली' एवढं लिहा आणि सही करा. शोधनिबंध परवा पाठवायचाय."

ताईंनी कागद जवळ ओढला. सही करणं सोपं होतं. एका चुकीसाठी बावीस वर्षं काम केलेल्या बाईला कुणी काढत नाही. फक्त उद्यापासून प्रत्येक नळीमागे कुणीतरी विचारलं असतं, "ताई, नक्की ना?" आणि सही न करता खरं काय ते सांगणं त्याहून अवघड होतं. घरी त्यांना 'दगड' म्हणत, तेही कौतुकाने. सासूबाईंच्या ऑपरेशनला दगड, लेकीच्या परीक्षेला दगड. "तुला बरं, तुला कसलं टेन्शनच नाही," असं नवरा म्हणे आणि कूस बदलून घोरू लागे. दगड मग पहाटेपर्यंत आढ्याकडे बघत पडे. बसमध्ये श्वास कोंडला की दगड दोन थांबे आधीच उतरून चालत येई. सुई हातात असली की हात स्थिर. चमचा हातात आला की थरथर सुरू. म्हणून त्या डबा एकट्याच खात.

त्यांनी पेन उचललं. मग टोपण लावून खाली ठेवलं.

"नळ्या बरोबर आहेत, सर."

"मग मशीन..."

"मशीन तीनदा चालवलं. तो चाळिसावा रुग्ण सहा महिने औषध घेतोय. हल्ली गाढ झोपतो म्हणाला. औषध चालू असलेला घ्यायचा नव्हता आपल्याला. मी विचारलं, तर तुम्हीच म्हणालात, भरून टाका."

सरांनी चष्मा पुन्हा पुसला. आता त्यावर पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"बरं. आणि हा चाळिसावा निरोगी कोण?"

"मी."

"तुम्ही?" सर हसले. मग हसणं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. "अहो, एका आकड्यावरून कुणी आजारी ठरत नाही. विडी ओढणाऱ्याचाही असा येतो, रात्रपाळीवाल्याचाही येतो. उगाच मनाला लावून घेऊ नका."

"आकड्यावरून नाही म्हणत मी. मी फॉर्म खोटा भरलाय, सर. अकराच्या अकरा." ताईंचा आवाज नेहमीसारखाच होता, पुढच्याला बोलावताना असे तसा. "त्या माणसाने खरा भरला. तो झोपतो. नळ्या फिरवल्यात तर मी कागदावर पुन्हा निरोगी होईन. तेवढं नको आता. फार दमले मी."

बाहेर शिपाईमामा कुणाला तरी सांगत होते, "लिफ्ट बंद आहे, जिन्याने या."

सरांनी सहीचा कागद हळूच ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि कचऱ्यात टाकला. परवाचा निबंधही त्याच्याबरोबर गेला, हे दोघांनाही कळलं. ताई उठल्या.

"कोरा फॉर्म आणते कपाटातून. नीट भरते."

त्या दारापर्यंत गेल्या.

"ताई," सर टेबलाकडे बघतच म्हणाले, "दोन आणा."

ताई थांबल्या. त्यांनी हातातल्या निरोग्यांच्या यादीतल्या पहिल्या ओळीवर नजर टाकली.

"पण सर, तुमचा आकडा तर छान आहे."

"छानच आहे," सर म्हणाले. "तरी दोन आणा."